एएलएस: स्वतःचं स्वतः करणं नेमकं कधी सोडायचं?

चिवट

नमस्कार मंडळी. बोलून टाइप करतोय त्यामुळे स्वल्पविराम पूर्णविराम कुठेही पडतील, आणि जीभ हल्ली जरा जड झालीय म्हणून फोन काही शब्द स्वतःच्या मनाने लिहितो, सांभाळून घ्या.

मला एएलएस आहे, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या नसपेशी एकेक करून मरत जाणारा आजार. वय पन्नाशीच्या आत. उजव्या हातापासून सुरू झालं, आधी कुलपात किल्ली फिरेना, मग पेन धरवेना, मग डावा हात, आता पाय. निदान व्हायलाच बरेच महिने गेले, मध्ये एकांनी मानेच्या मणक्याचं ऑपरेशन करून टाका असंही सुचवलं होतं, ते सोडा. आजार काय आहे आणि पुढे काय काय होणार ते मला माहितीये. निदानानंतर दोन ते पाच वर्षं, दहातला एखादा दहा वर्षांच्या पुढे जातो, हे आकडे इतक्यांदा वाचलेत की आता ते दुसऱ्याच कुणाचे वाटतात. रिल्युझोलच्या गोळ्या चालू आहेत. त्याने फार तर थोडे महिने पुढे ढकललं जातं हेही माहितीये.

प्रश्न वेगळा आहे. सकाळी शर्टाची बटणं मी स्वतः लावतो. लावतो म्हणजे, पहिली दोन कशीबशी लागतात, पुढे हात छातीपाशी राहतच नाही, खाली घसरतो, मग टेबलावर कोपर टेकवून परत. बायको दारात उभी असते, मी लावू का म्हणते, मी नको म्हणतो. हे सगळं उरकेपर्यंत अंगातलं त्राण संपतं आणि मग जेवताना चमचा तोंडापर्यंत नेववत नाही. हा सौदा तोट्याचा आहे हे न कळण्याइतका मी बावळट नाही. पण आजवर जे जे मी दुसऱ्याच्या हातात दिलं ते परत माझ्याकडे आलेलं नाही. एकदा दिलं की गेलंच. म्हणून सोडवत नाही.

त्यात आता डॉक्टर म्हणतात व्हीलचेअरचं बघा, रात्री श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचं बघा, अन्नासाठी पोटात घालायच्या नळीचं बोलून ठेवू. अहो मी अजून चालतोय, जेवतोय! आत्ताच कशाला? आणि सगळ्यात अवघड म्हणजे बाथरूम. आंघोळ, शी, धुणं. एवढ्यात ते पण कुणाकडून तरी करून घ्यावं लागणार हे दिसतंय. बायकोने ते करावं असं मला वाटत नाही आणि परक्या माणसाने करावं असंही वाटत नाही. घरात सतरा वर्षांचा मुलगा आहे, तो हल्ली माझ्या खोलीत फार येत नाही.

ज्यांनी हे पाहिलंय किंवा जे यातून जातायत त्यांनी सांगा, कुठली गोष्ट कधी सोडायची हे तुम्ही कसं ठरवलंत? आणि मदत घेऊनसुद्धा माणूस घरात नवरा, बाप म्हणून कसा राहतो? खंबीर राहा, पॉझिटिव्ह राहा वगैरे कृपया नको. ते रोज मिळतं.

---

रात्रपाळी

दादा, मी दाराशी उभी राहणाऱ्यांपैकी. आमच्या ह्यांना हाच आजार होता, आता ते नाहीत. त्यामुळे थोडं स्पष्ट लिहिते, रागावू नका.

तुमचं "नको" फुकट नसतं. त्याचे पैसे दुसरं कुणीतरी भरत असतं. ह्यांनी वॉकर नको म्हणून महिनोन् महिने काढले आणि मी रात्री त्यांचे पाय जमिनीला लागल्याचा आवाज आला की उठून बसायचे, ते संडासला जाऊन परत येईपर्यंत श्वास रोखून. शेवटी पडलेच. मनगट मोडलं, प्लास्टर लागलं, आणि प्लास्टर निघालं तेव्हा त्या हातात जी काही ताकद उरली होती ती पण गेली होती. या आजारात पडलं की नुसतं हाड मोडत नाही, हे कुणी आधी ठासून सांगत नाही म्हणून सांगतेय. मग माझा नियम झाला, ज्या कामात पडायची भीती आहे ते काम आधी सोडायचं, जिथे फक्त वेळ लागतो ते खुशाल करत बसा. तुमची बटणं मला खरं तर चालतील! बाथरूममध्ये एकट्याने जाणं नाही चालणार.

आता बाथरूम. आम्ही एक माणूस ठेवला, फक्त आंघोळ आणि संडाससाठी. त्याला हे काम येत होतं, तो गप्पा मारत मारत उरकायचा, ह्यांना पहिले काही दिवस मेल्याहून मेल्यासारखं झालं, नंतर ते त्या माणसाशी क्रिकेटवर भांडायला लागले. परक्याची लाज लवकर मरते हो. बायकोसमोरची लाज मरत नाही, ती नुसती गप्प बसते आणि मग दुसऱ्याच कशावरून तरी भांडण होतं. ज्यांना माणूस ठेवणं जमत नाही त्यांना घरच्यांनीच करावं लागतं, त्यात कमीपणा काही नाही, पण जमत असेल तर पहिली मदत तिथे घ्या असं माझं मत.

आणि दाढी मात्र मीच करायचे. ते आमच्या दोघांचं होतं. खुर्ची खिडकीकडे वळवायची, गरम पाण्यात टॉवेल पिळून गालावर ठेवायचा, मग साबण. गालात जीभ घालून कातडी ताणायला त्यांना यायचं बंद झालं तेव्हा मी अंगठ्याने ताणायचे. आणि सूचना चालू, नाकाखाली उलटा हात नको, कल्ले सारखे कर, हनुवटीखाली राहिलंय. बोलणं बंद झाल्यावर भुवयांनी सूचना. चिडायचे मी! पण त्या पंधरा मिनिटांत ते पेशंट नव्हते, नवरेच होते, तेवढेच कटकटे.

एक अजून. शेवटच्या वर्षात ह्यांचा हट्ट वेगळाच झाला होता, समोरच्याला काय वाटेल हे समजेनासं झाल्यासारखा. डॉक्टर म्हणाले काही जणांमध्ये मेंदूच्या पुढच्या भागावरही परिणाम होतो, वागणं बदलतं. सगळ्यांना होत नाही, पण होऊ शकतं हे वहिनींना माहीत असू दे, नाहीतर बाई सगळं मनाला लावून घेते.

---

फिजिओ_सांगतोय

चिवट दादा, पेशानं फिजिओथेरपिस्ट आहे, न्यूरोचे पेशंट बघतो. तुमच्या डॉक्टरांची जागा घेत नाही, फक्त "आत्ताच कशाला" याचं उत्तर देतो कारण हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच.

आधी बटणांचं. स्नायू चालवणाऱ्या नसपेशी मरतात तेव्हा शेजारच्या जिवंत पेशी त्यांच्याकडचे स्नायूंचे तंतू आपल्याकडे ओढून घेतात, म्हणजे उरलेल्यांवर आधीच डबल ड्यूटी असते. त्यामुळे वापरलं नाही तर जाईल हे निरोगी माणसाचं गणित इथे तसंच्या तसं लागू होत नाही. हलका व्यायाम, सांधे आखडू नयेत म्हणून दुसऱ्याने हातपाय हलवून देणं, हे चांगलं. पण थकून गळून जाईपर्यंत केलेल्या कामाने ताकद वाढत नाही, त्या दिवसाचा कोटा फक्त संपतो. तुमचा कोटा कशावर खर्च करायचा हे तुम्हीच ठरवायचं. एका पेशंटने आंघोळ, कपडे, बूट सगळं सोडून दिलं आणि वाचवलेल्या ताकदीत रोज संध्याकाळी बुद्धिबळाच्या सोंगट्या स्वतःच्या हाताने हलवल्या, बरेच महिने. मला ते पटलं. बटण हुक म्हणून तारेचं एक छोटं साधन मिळतं, ते बघा, नाहीतर वेल्क्रो.

आता मुख्य मुद्दा. या आजारात साधन गरज पडल्यावर घ्यायला गेलात की उशीर झालेला असतो. ऑर्डर द्यायची, मापं घ्यायची, यायची वाट बघायची, वापरायला शिकायचं, तोवर शरीर पुढच्या पायरीवर गेलेलं असतं. व्हीलचेअर म्हणजे चालणं बंद असं नाही. घरात चाला, बाहेर जाताना खुर्ची, म्हणजे जिथे पोचायचं तिथे पोचल्यावर बोलायला दम शिल्लक राहतो.

सगळ्यात घाईचं काम मला तुमच्या पहिल्याच ओळीत दिसलं. जीभ जड झालीय म्हणता ना, मग आवाज आजच साठवायला घ्या. फोनवर, कॉम्प्युटरवर तुमची वाक्यं रेकॉर्ड करून त्यावरून तुमच्यासारखा कृत्रिम आवाज तयार करता येतो, पण त्यासाठी मूळ आवाज बरा असावा लागतो. मराठीसाठी सोय मर्यादित असेल तर नुसत्या नेहमीच्या वाक्यांच्या क्लिप करून ठेवा, त्यासुद्धा पुढे वापरता येतात. खुर्ची वगैरे साधनं थोडी थांबली तरी चालतील, हे नाही.

पोटातल्या नळीबद्दल गैरसमज फार. नळी बसवली तरी तोंडाने खाता येतं, जोवर गिळणं सुरक्षित आहे तोवर चवीपुरतं खा, पोट भरायचं काम नळी करेल. ती लवकर घाला म्हणतात त्याचं कारण श्वास. फुंकून मोजायची फुफ्फुसाची क्षमता साधारण निम्म्याच्या खाली गेली की तीच छोटी प्रोसिजर जास्त जोखमीची होते. आणि वजन उतरू देऊ नका, या आजारात वजन झपाट्याने उतरणं वाईट लक्षण असतं.

रात्रीच्या मशीनचं, म्हणजे बायपॅपचं. सकाळी उठल्यावर डोकं जड, उताणं झोपलं की घुसमट, रात्री सारखी जाग, दिवसा पेंग, यातलं काही असेल तर लगेच सांगा, रात्री श्वास उथळ होऊन कार्बन डायऑक्साइड साठत असतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ज्यांचे घशाचे स्नायू फार बिघडलेले नव्हते त्यांचं आयुष्य या मशीनने काही महिन्यांनी वाढलं, आणि ते महिने बऱ्या अवस्थेतले होते, हे महत्त्वाचं. मास्कची सवय व्हायला वेळ लागतो, सुरुवातीला टीव्ही बघताना थोडा थोडा वेळ लावा. आणि घरच्यांनी दम लागतोय म्हणून परस्पर ऑक्सिजन सिलेंडर आणून लावू नये, इथे अडचण हवा आत-बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंची आहे, नुसत्या ऑक्सिजनने कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो.

घरच्यांसाठी एक, उठवताना काखेत हात घालून किंवा हाताला धरून ओढू नका. खांद्याचे स्नायू गेलेले असतात, सांधा निसटतो आणि ते दुखणं भयंकर. ट्रान्सफर बेल्ट, म्हणजे पेशंटच्या कमरेला बांधून धरायचा पट्टा, वापरा.

---

आशेचा_किरण

निराश होऊ नका सर. माझ्या एका मित्राच्या काकांना सेम आजार होता, स्टेम सेलचे काही डोस घेतले आणि सोबत शरीरशुद्धी, आता चालतात म्हणे. नंबर हवा असेल तर मेसेज करा. डॉक्टर लोक हे सांगत नाहीत.

---

डोळेझाक

किरण, डॉक्टर सांगत नाहीत कारण तसं झालेलं नाही. या आजारात पैसे घेऊन विकले जाणारे स्टेम सेल कुठेही सिद्ध झालेले नाहीत. एसओडी१ नावाच्या जनुकातला दोष असलेल्या मोजक्या लोकांसाठी २०२३ मध्ये अमेरिकेत टोफर्सेन नावाचं औषध मंजूर झालं. ती खरी बातमी. बाकी काकांना बहुतेक दुसरंच काहीतरी असणार. नंबर नको.

चिवट, मित्रा, मी डोळ्यांनी टाइप करतो. कॅमेरा नजर ओळखतो. एक एक अक्षर. म्हणून वाक्यं छोटी. नाव बघून हसलास तर बरं वाटेल, ठेवलंय त्याचसाठी. हात पाय मान आवाज सगळं गेलं. डोळे बहुधा शेवटपर्यंत राहतात. लघवी-शीवरचा ताबाही बहुतेकांचा राहतो. हे कळल्यावर मला काय आनंद झाला होता. अशा गोष्टींवर खूश होशील तूही.

कधी सोडायचं ते कसं ठरवलं? मी एक प्रश्न विचारायचो. हे काम मला आवडतं म्हणून करतोय की कुणाला तरी दाखवायला? दात घासणं दाखवायला होतं. सोडलं. नातीला गोष्ट वाचून दाखवणं आवडीचं होतं. आवाज घोगरा झाला, अर्धं कळेना, तरी चालू ठेवलं. ती कळल्याचं सोंग करायची. चालतं.

करणं आणि ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जाणारच. दुसरी लोक तुझ्या हातातून काढून घेतात, प्रेमाने. तिथे भांड. मला कुठला शर्ट घालायचा, खिडकी किती उघडी, आज कोण भेटायला येणार नाही, हे मी ठरवतो. लोक माझ्या डोक्यावरून बायकोला विचारतात, "यांना थंडी वाजतेय का?" मी डोळे मिटून घेतो. बायको सांगते, त्यांना विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. थांबणं लोकांना जमत नाही. दोन मिनिटांत शांतता असह्य होते त्यांना.

आता पुढची माहिती, कारण तू आकडे वाचणारा आहेस. कातडीची जाणीव जात नाही. मुंगी चावली तर कळते, झटकता येत नाही. चादरीची घडी पाठीखाली आली की रात्रभर ती घडीच. म्हणून बेल आधी लाव, गालाने किंवा पायाच्या बोटाने दाबता येईल अशी. बोलणं जायच्या आत अक्षरांचा पारदर्शक तक्ताही शिकून घे, नजरेने अक्षर दाखवायचं, समोरच्याने ओळखायचं. वीज गेली की कॅमेरा बंद, तक्ता चालू. हसू किंवा रडू कारण नसताना येऊ शकतं, थांबत नाही. मी एका तेराव्याला हसलो होतो. त्यावर औषध आहे, डॉक्टरांना सांगायचं. लाळेवरही आहे. लोक लाजून सांगत नाहीत आणि रुमाल बदलत बसतात.

सगळे तुला हॉकिंगचं उदाहरण देतील. १९६३ ला निदान, २०१८ ला मृत्यू. ठीक. ते अपवाद होते आणि त्यांच्याभोवती चोवीस तास नर्स होत्या. १९८५ मध्ये त्यांच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासाची वाट केली, तेव्हा उरलेला आवाज गेला. ते छिद्र आणि कायमचा व्हेंटिलेटर हवा की नको, हा निर्णय तुला घ्यावा लागेल. दम तुटलेला असताना मध्यरात्री घेऊ नकोस, घरचेही तेव्हा घाबरून काहीही हो म्हणतात. मी नको म्हटलंय. लिहून, सह्या करून ठेवलंय. दुसऱ्या एकाने हो म्हटलं, तोही मजेत आहे. मत बदलता येतं, कागदही बदलता येतो.

मला गुदमरून मरायची भीती होती. रात्रीचा तोच विचार. पॅलिएटिव्हच्या, म्हणजे त्रास कमी करायचं बघणाऱ्या, डॉक्टरांना सरळ विचारलं. म्हणाल्या, बहुतेकांचं तसं होत नाही, श्वास मंद होतो, झोप वाढते, आणि धाप लागलीच तर मॉर्फिनच्या छोट्या डोसने ती भावना कमी करता येते. त्यानंतर मी झोपायला लागलो. पॅलिएटिव्ह म्हणजे शेवटचे चार दिवस असं समजू नकोस. आत्ताच जा त्यांच्याकडे.

दमलो. डोळेसुद्धा दमतात.

---

उशी_सरकव

मुलाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझी आई गेली या आजाराने, मी तेव्हा अकरावीत होते.

काका, तो खोलीत येत नाही कारण आल्यावर काय करायचं हे त्याला माहीत नाही. नुसतं बसून तुमच्याकडे बघायचं का? मला आईने कामं लावून दिली होती. उशा माझ्याकडे. मानेखाली एक, कोपराखाली एक, टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली एक, आणि ती भुवई उडवायची म्हणजे अजून सरकव. आयडी त्यावरूनच. रात्री झोपायच्या आधी हे झालं की बाकी मला सुट्टी, मैत्रिणींकडे जा, भांड, नापास हो. संडासचं वगैरे तिने मला कधी करू दिलं नाही आणि त्याबद्दल मी आजही तिची आभारी आहे. त्याला पण असं एखादं काम द्या जे फक्त त्याचं असेल, ज्याला सुरुवात आणि शेवट आहे. टेक्निकल डोकं असेल तर आवाज रेकॉर्ड करायचं, सेटिंगचं सगळं खातं त्याच्याकडेच द्या.

आणि त्याने गुगल केलेलं आहे. नक्की. तुम्ही सांगितलं नसलं तरी त्याला सगळं माहितीये, फक्त तुम्हाला माहीत नाहीये की त्याला माहितीये. "मला पण होणार का" हा प्रश्न त्याच्या डोक्यात असणारच, तो विचारणार नाही. साधारण दहातल्या नऊ पेशंटच्या घरात दुसऱ्या कुणाला हा आजार नसतो. तुमच्या घरात आधी कुणाला नसेल तर हे त्याला सांगा, असेल तर जेनेटिक समुपदेशकाला भेटा, पण विषय तुम्ही काढा. माझ्या घरी कुणी काढला नाही, मी बरीच वर्षं हातातून कप निसटला की रात्रभर बोटं वाकवून बघत बसायचे.

---

चिवट

सगळ्यांचे वाचले. एकेक दोनदा वाचले. लगेच लिहिता आलं नाही.

रात्रपाळी ताई, तुमची पोस्ट बायकोला वाचायला दिली. ती पाय वाजल्याच्या ओळीपर्यंत आली आणि म्हणाली हे माझंच आहे. मला माहीत नव्हतं की ती जागी असते. माणूस बघायला सांगितलंय. दाढीचं ठरलं नाही अजून, तिच्या हातात वस्तरा द्यायची मलाच भीती वाटते :)

फिजिओ दादा, रेकॉर्डिंग सुरू केलं. मुलगा करतोय. त्याने यादी काढली, पाणी, कूस, पंखा, दुखतंय, अशी. मी म्हटलं यात शिव्या का नाहीत, मला लागणार आहेत. मग आम्ही दार लावून शिव्यांची वेगळी फाइल केली. उशी, तुझा तो प्रश्न पण तेव्हाच काढला. तो "हं" म्हणाला, आणि मग बऱ्याच वेळाने म्हणाला मी वाचलंय ते.

नळीचं मन अजून होत नाही. पुढच्या भेटीत फुंकायची टेस्ट आहे, आकडा बघून ठरवतो. मशीनला हो म्हटलंय, सकाळी डोकं जड असतं ते मी उगाच झोपेवर ढकलत होतो. पॅलिएटिव्हची वेळ घेतली.

डोळेझाक, मित्रा, हसलो. दात घासणं माझंही दाखवायलाच आहे बहुतेक. बटणं मात्र नाहीत, ती मी अजून काही दिवस लावणार, कुणी काही म्हणा.

एक साधा प्रश्न राहिला. कमोडची चाकाची खुर्ची बघतोय, ती जी तशीच संडासच्या भांड्यावर सरकवता येते. एकीला मागच्या दोनच चाकांना ब्रेक आहेत, एकीला चारही चाकांना. ओल्या फरशीवर फरक पडतो का?

---

फिजिओ_सांगतोय

पडतो. चारही चाकांना ब्रेक असलेलीच घ्या. हात ठेवायचे दांडे बाजूला फिरणारे हवेत, नाहीतर बेडवरून सरकून बसता येत नाही. पाठ उंच बघा, पुढे मान धरायला आधार लागेल. आणि विकत घ्यायच्या आधी भांड्याची उंची मोजा, रिम धरून, झाकण वर करून. खूप जण मोजत नाहीत, मग खुर्ची भांड्यावर जातच नाही.

---

रात्रपाळी

आणि सीट मऊ बघा दादा. ह्यांना संडासला अर्धा तास लागायचा, कडक सीटने मांड्या बधिर व्हायच्या. पाय ठेवायची पट्टी पण असू दे, पाय लोंबकळले की जोर लावता येत नाही.